मुलीला आकाशात चमकणारे कण पळताना दिसतात. काळजीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, निळ्या आकाशाकडे बघताना तिला बारीक चमकते कण पळताना दिसतात आणि डोळे चोळले की रंगीत चकत्या दिसतात. हे कशामुळे होतं आणि चष्मा लागेल का, हे तुम्हाला हवंय.

आकाशातले कण म्हणजे तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. डोळ्याच्या पडद्यासमोर अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यातल्या तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या पेशी तो आरपार जाऊ देतात. म्हणून पांढरी पेशी पुढे सरकली की तिथे उजळ ठिपका धावल्यासारखा वाटतो. तिला विचारा: ठिपका वळणावळणाने पळून सेकंदाभरात नाहीसा होतो का? घरातल्या भिंतीकडे बघताना दिसत नाही ना? तसं असेल तर निर्धास्त राहा. सूर्याकडे पाठ करून निरभ्र आकाशाकडे थोडा वेळ टक लावून पाहिलंत तर बहुधा तुम्हालाही दिसतील.

चकत्यांचं कारण वेगळं. डोळा दाबला गेला की पडद्याच्या पेशी त्या दाबालाच प्रकाश समजतात. चकत्या निरुपद्रवी आहेत, पण ती डोळे का चोळते हे मात्र शोधायलाच हवं. डोळे खाजत असतील, सकाळी चिकट तार येत असेल, उन्हाळ्यात त्रास वाढत असेल तर ॲलर्जी धरून चाला. सतत चोळण्याने कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. त्यात सिलिंडरचा नंबर वाढत जातो आणि पुढे चष्म्यानेही नीट दिसत नाही. खाज आली की स्वच्छ ओल्या कपड्याची गार घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा आणि डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब घ्या. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लगेच आराम पडतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने घालत राहतात, आणि इकडे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. दुखत नसल्याने ते कळतही नाही. काजळ, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात नको.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. एकाएकी खूप काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा बाजूने पडदा आल्यासारखं दिसणं, विशेषतः मार लागल्यावर किंवा मोठा मायनस नंबर असताना, म्हणजे त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल न दिसता वारंवार पांढरी दिसली तरी लगेच दाखवा. लहान मुलांमध्ये ते डोळ्याच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. संध्याकाळी अंधार पडला की मूल धडपडत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता तपासून घ्या. नागमोडी चमकत्या रेघा पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत दिसून मग डोकं दुखत असेल तर तो बहुधा मायग्रेन. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चष्म्याचं या कणांवरून काहीच कळत नाही. मला खरी काळजी वाटते ती मूल ज्याची तक्रारच करत नाही त्याची, म्हणजे एकाच डोळ्याने अंधूक दिसण्याची. दुसरा डोळा काम भागवतो, मूल वाचतं, खेळतं, आणि वापराविना तो डोळा आळशी होत जातो. घरी बघायचं तर एका डोळ्यावर दुमडलेला रुमाल मायक्रोपोर टेपने चिकटवा (हाताने झाकला तर मुलं बोटांतून बघतात) आणि तीन मीटरवरून भिंतीवरच्या कॅलेंडरमधली अक्षरं वाचायला लावा. मग दुसरा डोळा झाका. दोन्हींत फरक पडला, किंवा एकच डोळा झाकला की ती चिडत असेल, तर लवकर जा. आधी चष्मा आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज दोन ते सहा तास पट्टी, असा उपचार असतो. सात-आठ वर्षांपर्यंत गुण चांगला येतो, पुढे वेळ लागतो.

घरी फरक दिसला नाही तरी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. शाळेत पथक येऊन बघून गेलं असलं तरी ती फक्त प्राथमिक चाळणी. मुलांचा नंबर डोळ्याचा फोकस सैल करणारे थेंब घालूनच काढायचा. या वयात डोळा फोकस इतका ताणतो की नुसत्या मशीनवर खोटा मायनस येतो किंवा खरा प्लस लपतो. या थेंबांपैकी सायक्लोपेन्टोलेटने साधारण दिवसभर जवळचं अंधूक दिसतं, होमॅट्रोपिनने एक ते तीन दिवस, ॲट्रोपिनने एक-दोन आठवडे. उजेडही टोचतो, म्हणून टोपी घेऊन जा आणि परीक्षा जवळ असेल तर तारीख पुढची मागा.