हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी रंकाळ्यावर चालून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, तीनशे रुपये भरून रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मदतफेरीत चालण्यापेक्षा पैसे थेट रुग्णाला दिले तर काय बिघडलं? काहीच नाही, तेही द्या. पण जमलं तर चालाच. माझ्या थोरल्या भावाचं हृदय प्रत्यारोपण झालंय आणि गेल्या वर्षी मी अशा फेरीत त्याच्यासोबत चालले, म्हणून सांगते.

ऑपरेशनसाठी माणसं धावून येतात. आमच्या तालमीने त्या साली गणपतीची निम्मी वर्गणी दादासाठी दिली. पण ऑपरेशन पार पडलं की सगळ्यांना वाटतं, सुटला एकदाचा. खरं तर पुढचा खर्च आयुष्यभराचा असतो. शरीर नवं हृदय परकंच मानतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी टॅक्रोलिमससारखी औषधं रोज ठरल्या वेळी घ्यावीच लागतात. रक्तातली त्यांची पातळीही तपासावी लागते. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देईपर्यंत घ्यायची नसते. दादा ती शर्टाच्या खिशात ठेवून जातो आणि दंडावरचा कापूस धरूनच पाण्याचा घोट घेतो. सुरुवातीला तर मानेच्या शिरेतून हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला वरचेवर पुण्याला जावं लागायचं. तिथे खोली भाड्याने घेतली, वहिनीचं शिवणकाम चार महिने बंद पडलं. अशा फेरीतून जमलेले पैसे याच गोष्टींना लागतात. तरी पैसे भरण्याआधी ते कुठे जाणार हे आयोजकांना विचारा आणि पावती घ्या. विचारण्यात गैर काही नाही.

आता चालण्याबद्दल. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा तुटतात. आपण चालायला लागलो की ठोके लगेच वाढतात, दादाचे वाढायला काही मिनिटं जातात आणि थांबल्यावरही सावकाश उतरतात. म्हणून तो सुरुवातीला अगदी हळू चालतो. त्या दिवशी तलावाकाठच्या संध्यामठापर्यंत सगळे आमच्या पुढे गेले होते. मी त्याच्या मनगटावर बोट ठेवून चालत होते. आधी नाडी होती तशीच राहिली, मग हळूहळू तिने वेग धरला. ते हृदय कुणाचं, हे आम्हाला ठाऊक नाही. कुठल्या तरी घराने आपलं माणूस मेंदूमृत झाल्याचं ऐकलं आणि त्याच दिवशी हो म्हटलं. काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत धडधडायला लागतं, इतकाच अवधी असतो.

भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. त्याची आठवण म्हणून २०२३ पासून अवयवदान दिनही ३ ऑगस्टलाच असतो. आमची फेरी त्याच आठवड्यात होती, त्यामुळे पाऊस होताच. तुम्हीही छत्रीऐवजी रेनकोट घ्या. सर्दी-खोकला असेल तर मात्र त्या दिवशी घरीच थांबा, प्रत्यारोपण झालेल्यांना साधा संसर्गही महागात पडतो.

बरोबर आठला वहिनीच्या मोबाईलचा गजर वाजला. दादा कठड्याला टेकून थांबला, मास्क खाली करून गोळ्या घेतल्या. मागून येणारी कॉलेजची दोन पोरंही थांबली. एकाने विचारलं, "काका, ही गोळी किती दिवस घ्यायची?" दादा म्हणाला, "रोज, भावा."