‘रात्री गाडी पाठवतो, तुम्ही फक्त सही करा’: केंद्रांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. घरातला माणूस दारूने, ड्रग्जने नाहीतर आजाराने हाताबाहेर गेलाय, त्याला तातडीने कुठेतरी न्यायचंय, पण ते ‘कुठेतरी’, म्हणजे व्यसनमुक्तीचं किंवा मानसिक आजाराचं केंद्र, कसं असतं आणि त्यावर लक्ष कोणाचं असतं हे कुणालाच माहीत नाही. नावं काढून प्रश्न छोटे केलेत. खाली ‘कायदा’ म्हटलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ समजा, तो मे २०१८ पासून लागू आहे.

प्रश्न: भाऊ रोज पितो, वहिनीवर हात उचलतो. एका केंद्राला फोन केला तर म्हणाले, रात्री आमची चार मुलं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, तुम्ही फक्त सही करा. आई तयार आहे, मला भीती वाटते. हे चालतं का?

ताई, भीती वाटते ते बरोबरच आहे. हे सर्रास होतं पण चालत नाही.

दारूमुळे होणारे मानसिक त्रास कायद्याने मानसिक आजारात धरलेत, त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रालाही हाच कायदा लागतो. माणसाच्या मनाविरुद्ध भरती करायची तर कलम ८९ बघावं लागतं. त्यात अट अशी की त्याने नुकतीच स्वतःला इजा करायची धमकी दिलेली किंवा प्रयत्न केलेला हवा, किंवा दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही इतकी वाईट अवस्था, आणि हे सगळं आजारामुळे. नुसतं ‘खूप पितो’ एवढ्यावर होत नाही. शिवाय दोघांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं हवं, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला तज्ज्ञ नाहीतर डॉक्टर, तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. आता तुम्हीच सांगा, रात्री अकराला चार पोरं जिन्यावरून उचलून नेतायत त्यात तपासणी कुठे बसली? सही आईने केली तरी ती तपासणीची जागा घेत नाही.

आधी सरळ मार्ग करून बघा. सकाळी उतरलेली असताना, हात थरथरत असताना, त्याला स्वतःलाच कंटाळा आलेला असतो, तेव्हा एकाच माणसाने बोलायचं, सगळ्यांनी घेराव घालायचा नाही. तो स्वतःहून दाखल झाला तर तो स्वतंत्र पेशंट, त्याला वाटेल तेव्हा घरी जायला मागता येतं, तज्ज्ञाला गरज वाटली तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. घरच्यांना ही अट आवडत नाही, कळतं मला, पण दार उघडं आहे म्हटल्यावर आत यायला तयार होणारी माणसं बरीच असतात.

आणि वहिनीला मार बसतोय तो विषय वेगळा ठेवा. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, पोलिसांसाठी ११२ आहे, घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. भाऊ केंद्रात गेला म्हणून तो प्रश्न मिटत नाही, तो परत आल्यावर मार परत सुरू झालेला कित्येक घरांत पाहिलाय.

प्रश्न: केंद्र रजिस्टर्ड आहे हे ओळखायचं कसं? आम्हाला ट्रस्टचा दाखला आणि आयएसओचं सर्टिफिकेट दाखवलं, फ्रेम करून लावलेलं होतं.

ट्रस्ट म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढंच. आयएसओचा इथे काही संबंध नाही, ते कागद व्यवस्थित ठेवल्याचं सर्टिफिकेट. तुम्हाला बघायचंय ते राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचं रजिस्ट्रेशन. पाटीवर रिहॅब लिहा, आश्रम लिहा, क्रायसिस सेंटर लिहा, हाफवे होम लिहा, मानसिक आजाराच्या माणसांना उपचाराला किंवा पुनर्वसनाला ठेवून घेत असाल तर कायद्याच्या नजरेत ती मानसिक आरोग्य आस्थापनाच आणि रजिस्ट्रेशनशिवाय चालवता येत नाही.

पण यात एक गोम आहे. सुरुवातीला मिळतं ते तात्पुरतं, प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन. अर्ज आल्यावर दहा दिवसांत द्यायचं असतं, आधी कुणी येऊन बघायची अट नाही, मुदत बारा महिने. म्हणजे नंबर खरा असतो पण त्या नंबरामागे अजून कुणी जागा पाहिलेली नसू शकते. म्हणून ‘रजिस्टर्ड आहे का’ विचारून थांबू नका, प्रोव्हिजनल की परमनंट आणि कुठल्या तारखेपर्यंत हे विचारा. बिगर रजिस्ट्रेशन चालवलं तर पहिल्या वेळी दंड ५ हजार ते ५० हजार, दुसऱ्या वेळी २ लाखांपर्यंत, पुढे ५ लाखांपर्यंत. पहिला दंड काही केंद्रांना एका पेशंटच्या बिलातून भरता येईल हे माझं वैयक्तिक मत आणि ते मी मागे घेणार नाही.

अजून एक सोपी खूण. भिंत बघा. रिव्ह्यू बोर्ड नावाचं मंडळ असतं, भरती योग्य आहे की नाही ते बघतं, त्याचा पत्ता आणि फोन नंबर केंद्राने सगळ्यांना दिसेल असा लावायचाच असतो, बोर्डाकडे अर्ज करायचे फॉर्म पेशंटला द्यायचे असतात आणि तिथे फोन करायला पैसे न घेता फोनही द्यायचा असतो. सुविचार लावलेत, संस्थापकांचा फोटो लावलाय आणि बोर्डाचा नंबर नाही, तर मॅनेजरला तिथल्या तिथे विचारा. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा बघा.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा. रात्री दोनला भास होऊन काचा फोडायला लागला, स्वतःच्या मनगटावर मारून घेत होता. जवळच्या हॉस्पिटलने ‘आम्ही सायकियाट्री घेत नाही’ म्हणून परत पाठवलं. मग अशा वेळी जायचं कुठे?

ज्या घरात हे झालंय त्यांनाच कळतं त्या दोन तासांत काय होतं. हॉस्पिटलने हात वर करायला नको होते. कलम ९४ प्रमाणे जीव जायचा, मोठी इजा व्हायची किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान व्हायचा धोका असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. हॉस्पिटलात किंवा बाहेरही, घरचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. पुढच्या तपासणीसाठी मानसिक आरोग्य केंद्रात पोचवणंसुद्धा त्यातच येतं. मर्यादा ७२ तासांची किंवा तिथे तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. शॉक ट्रीटमेंट मात्र इमर्जन्सी म्हणून देता येत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी १०८ ला फोन करून थेट सरकारी जिल्हा रुग्णालय नाहीतर मेडिकल कॉलेज. केसपेपर काढताना ‘वेड लागलंय’ असं सांगू नका, ‘स्वतःला इजा करतोय, जीवाला धोका आहे’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्यायला लावा. परत पाठवलंच तर कारण लेखी मागा, लेखी मागितलं की बऱ्याच वेळा बेड मिळतो (का ते तुम्ही ओळखा). ताप आहे का, डोक्याला मार लागलाय का, शुगर, काही घेतलंय का, गेल्या दोन-तीन दिवसांत दारू बंद केली का, हे सांगायला विसरू नका कारण भास दर वेळी मानसिक आजारामुळेच होतात असं नाही.

पोलिसांना बोलवायला घाबरू नका. आजारामुळे धोका असलेल्या माणसाला ते संरक्षणात घेऊ शकतात, पण लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावंच लागतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर, १४४१६ वर, चोवीस तास बोलता येतं, तिथे बेड मिळणार नाही पण त्या वेळी काय करायचं ते शांतपणे सांगणारा माणूस मिळतो.

प्रश्न: सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं. पहिले ४५ दिवस फोन नाही, भेट नाही. नंतर भेटलो तर नवऱ्याचं डोकं भादरलेलं, म्हणाला स्वयंपाकघरात ‘सेवा’ करतो, आणि पळायचा प्रयत्न केला तेव्हा रात्री पायात साखळी घातली होती. हे उपचारात येतं का?

नाही. यातलं काहीच येत नाही.

साखळीपासून सुरुवात करते. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणी आग लागली, माणसं साखळीने बांधलेली होती, पळता आलं नाही, २८ जण गेले. आजच्या कायद्यात साखळीला कुठल्याही स्वरूपात बंदी आहे, डॉक्टरने सांगितलं, घरच्यांनी सही दिली, तरीही बंदीच. एकटं कोंडून ठेवणंही बंद. हातपाय धरून आवरणं किंवा बांधणं फक्त तेवढ्यापुरतं, दुसरा काहीच मार्ग नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. पळाला म्हणून शिक्षा किंवा स्टाफ कमी आहे ही कारणं बसत नाहीत.

जबरदस्तीने डोकं भादरणं नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, पगार न देता कामाला लावता येत नाही, मग त्याला सेवा म्हणा नाहीतर थेरपी. फोन आणि भेटीचाही हक्क आहे. पहिले काही दिवस जरा शांत ठेवावं, मित्रांचे फोन नकोत, हे मलाही पटतं, पण ते पेशंटशी बोलून ठरवायचं असतं, ४५ दिवस बायकोलाच भेटू न देणं म्हणजे आत काय चाललंय ते कळू न देणं.

आणि ‘सहा महिने’ हा आकडा आला कुठून? मनाविरुद्ध भरती असेल तर मुदत ३० दिवस. पुरुष असेल तर सात दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत बोर्डाला कळवायचं. पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी परत तपासायचं आणि बोर्डाची परवानगी घ्यायची. पॅकेज विकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, फक्त तुम्ही विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. त्यांना आजच लेखी विचारा, भरती कुठल्या कलमाखाली आहे आणि बोर्डाला कधी कळवलं.

प्रश्न: मी स्वतः बरीच वर्षं सोबर आहे. पंधरा बेडचं केंद्र काढायचंय. आमच्यासारख्यांनीच माणसं उभी केलीत, डॉक्टरांनी नाही. मग एवढे नियम आमच्यावर का?

दादा, तुमच्यासारख्यांनी माणसं उभी केलीत यावर मान डोलावते. स्वतः त्यातून गेलेला माणूस रात्री तीनला पेशंटच्या खाटेशेजारी बसतो तेव्हा जे होतं ते कुठल्याही गोळीने होत नाही. ग्रुप, शेअरिंग, स्लिप झाल्यावर, म्हणजे परत नशा केल्यावर, परत उभं करणं, हे तुमचंच काम.

पण तिसऱ्या रात्रीचं काय ते सांगा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद केली की सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी काहींना डिलिरियम होतो, म्हणजे भान हरपतं. चादरीवरून नसलेले किडे वेचत बसतो, तारीख सांगता येत नाही, बायकोला ओळखत नाही, नाडी धावत असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नाटक करतोय किंवा टर्की आहे (नशा तुटल्यावरचा नेहमीचा त्रास), उतरेल. यात माणूस मरतो. योग्य गोळ्या मोजून दिल्या, थायमिन दिलं, सलाईन, निरीक्षण, की बहुतेक जण वाचतात. हे अनुभवाने कळत नाही कारण तुमची स्वतःची तिसरी रात्र बरी गेली होती म्हणून तर तुम्ही आज लिहिताय.

दुसरी जागा डिस्चार्जची. ब्राऊन शुगरवाला दोन महिने क्लीन राहिला की शरीराची सवय गेलेली असते, बाहेर पडून जुनाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. हे जायच्या आधी त्याला आणि घरच्यांना बसवून सांगितलंच पाहिजे. उगाच कशाला आठवण करून द्या असं म्हणून टाळतात आणि मग बातमी येते.

त्यामुळे रजिस्ट्रेशन घ्या, मानसोपचारतज्ज्ञ नुसता लेटरहेडवर नको, रात्री फोन उचलणारा हवा, नर्स हवी, जवळच्या हॉस्पिटलशी आधीच बोलून ठेवा आणि ज्याला विथड्रॉवल, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा त्रास, जड जाणार असं दिसतंय त्याचं डिटॉक्स, म्हणजे नशा शरीरातून उतरवण्याचा टप्पा, हॉस्पिटलातच करा, मग तुमच्याकडे घ्या. वर्षभर कागदपत्रांनी नाकी नऊ येतील, खोटं कशाला सांगू.

प्रश्न (दोन छोटे): ड्रग्ज घेतो हे केंद्रात सांगितलं तर केस होते का? आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला नेलं तर पोलीस पकडतात का?

पहिलं, तुमची माहिती गोपनीय ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे. सेवनाची किंवा अगदी थोड्या मालाची केस आधीच असेल आणि माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचं कलम ६४ए त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. विकण्याच्या केसला हे लागू नाही. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६.

दुसरं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, जबाब होतो, त्याला घाबरून उशीर करू नका.

प्रश्न: तक्रार करायची कुठे? केंद्रवाल्यांचे ‘वरपर्यंत’ हात आहेत असं सगळे म्हणतात.

आधी केंद्राच्या प्रमुख डॉक्टरकडे लेखी, मग रिव्ह्यू बोर्ड, मग राज्य प्राधिकरण. बोर्डावर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, कलेक्टरांचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि स्वतः आजारातून गेलेले किंवा घरचे किंवा संस्थांचे लोकही असतात, म्हणजे एकाच खात्याची खुर्ची नाही ती. अर्जाला फी नाही. मनाविरुद्ध भरतीला आव्हान दिलं असेल तर सात दिवसांत निकाल द्यायचा असतो, पेशंटला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मागा. मारहाण किंवा डांबून ठेवणं असेल तर बोर्डाची वाट बघू नका, तो सरळ गुन्हा आहे, पोलीस स्टेशनला जा.

अर्ज एका पानात बसवा. भरतीची तारीख, कोणी आणलं, कोणी तपासलं, काय पाहिलं, पैसे कसे दिले, आणि शेवटी काय हवंय ते स्पष्ट, ‘डिस्चार्ज हवा’ किंवा ‘तपासणी हवी’. भावना दुसऱ्या कागदावर लिहा. पावती, फोटो, मेसेज जोडा, एक प्रत शिक्का मारून परत घ्या. आणि पेशंटच्या केसपेपरची प्रत मागा, ती त्याच्या हक्काची आहे, भरतीच्या वेळी खरंच कुणी तपासलं होतं का ते त्यातूनच कळतं.