सारखं वाटून दिलं की न्याय झाला का?

तुम्ही विचारलंय, "सगळ्यांना सारखं देणं म्हणजेच न्याय का? व्यवहारातला न्याय आणि कायद्यातला न्याय एकच असतो का?" मी वकील नाही, पारोळ्याकडचा शेतकरी आहे. उत्तर शेतातूनच देतो.

आम्ही दोघं भाऊ, वडिलोपार्जित नऊ एकर. साडेचार-साडेचार केलं असतं तर डोकी फुटली असती. विहिरीकडची जमीन काळी, नाल्यापलीकडची बरड. मामांनी तोडगा काढला: थोरल्याने बांध टाकायचा, धाकट्याने आधी वाटा उचलायचा. दादाने तीन दिवस शेतात चकरा मारल्या. शेवटी विहिरीकडे साडेतीन एकर, पलीकडे साडेपाच, पाण्याची पाळी दोघांना. मी विहिरीकडचा उचलला. त्या बांधावरून आजवर शब्दाने शब्द वाढलेला नाही.

ही अक्कल काही मामांची एकट्याची नाही. साक्रीकडे पांझरा नदीवरची, पाणी वाटून घ्यायची जुनी फड पद्धत बघा. बंधाऱ्याखालचं रान फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत वाटलेलं, एका फडात एकच पीक. दारं धरणार पाटकरी, म्हणजे पाणी सोडायला नेमलेला माणूस, मालकाने पाण्याला हात लावायचा नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या, म्हणून पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला तरी झळ एकट्यादुकट्याला नाही.

आता बहिणीचं सांगतो. तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणलं. झोके झाले, आमरस झाला आणि दोन दिवसांनी तिने हक्कसोड पत्रावर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली. दोन साड्या दिल्या. बांधासाठी तीन दिवस घालवणारे आम्ही, तिला काय हवं हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

कायद्याने 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकीच हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण सही राजीखुशीची दिसली आणि कागदाची नोंदणी झालेली असली की तो पक्का. दबाव होता म्हणायचं तर ते तिनेच सिद्ध करायचं, आणि माहेर तोडून कोर्टात कोण जातं?

न्यायाची दोन जुनी तत्त्वं वकील सांगतात: स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही, आणि समोरच्याचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. दादाच्या बांधाने पहिलं पाळलं. दुसरं आम्ही दोघांनी मिळून मोडलं.

यंदाच्या आखाजीला मी तिला विचारलं. म्हणाली, "आते इचारस का, भाऊ?" म्हणजे, आत्ता विचारतोस का?

साडेतीन आणि साडेपाचातून तिचे तीन एकर कसे काढायचे, यावर दादाशी बोलणं अजून व्हायचंय.