शिरगावच्या जत्रेला जाण्याआधी

अगं, गोव्यातल्या लईराई देवीच्या जत्रेत मुलं हरवू नयेत म्हणून नुसती पत्रकं वाटत सुटू नकोस, ती पायदळी जातात. आईबापांजवळ थांब आणि तिथंच त्यांच्या मोबाइलवर मुलाचा आजच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढून घ्यायला लाव. पोर दिसेनासं झालं की शर्ट कुठल्या रंगाचा होता हे आईलासुद्धा आठवत नाही. ते चेहरे मी पाहिलेत गं. फोन नंबराची चिठ्ठी खिशात, आतल्या बाजूला. नाव मात्र कपड्यांवर किंवा दप्तरावर ठळक नको. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की पोर विश्वास ठेवतं.

पोलिसांत तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत दिसेल तिथं खोडून काढ. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायलाच हवा. 112 (आपत्कालीन मदत) किंवा 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) वर फोन, लगेच.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कन्नड येणारं कुणीतरी सोबत ने. तिथल्या कितीतरी मजूर आयांना आपलं मराठी-कोंकणी कळत नाही.

आणि सापडलेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस. आधी पोलिसांना कळव, आणि ते येईपर्यंत मुलापाशीच बस.