क्लोन सैनिकांना माणूस कसं करायचं

अरे, तुझ्या कथेतले क्लोन एकसारखे दिसतात हे ठीक, पण सगळे एकसारखंच बोलतात ते पटत नाही. एकसारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेही वेगळे असतात. ‘स्टार वॉर्स’मधला फाइव्ह्ज नावाचा क्लोन सैनिक आठव. त्याला वरून मिळाला तो क्रमांक, त्यातल्या ५५५५ वरून पडलं ते नाव. संस्कृती तिथून सुरू होते: टोपणनावं, शिव्या, हेल्मेटवरची रंगरंगोटी, मेलेल्याची आठवण काढायची रीत.

ज्याच्यापासून हे क्लोन बनवले, तो तुझा मूळ माणूस मावळातला आहे ना? मग प्रयोगशाळेत वाढलेल्या क्लोनला मावळ कुठून कळणार? रक्तातून भातखाचरं उतरत नाहीत. त्यांना अंगाई नाही, कवायतीचे हुकूमच कानावर पडलेले. त्यांची बोली त्यातून घडव. पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचं, केंद्र आहे, तिथल्या बाजारात चहा घेत बस आणि गावोगावहून आलेली पोरं एकमेकांशी कसं बोलतात ते ऐक. (वहीत लिहीत बसू नकोस, उगाच चौकशी होईल.)

एखाद्या क्लोनला मावळात जाऊ दे, आणि मूळ माणसाच्या आईने त्याला घरात घ्यायचं की नाही, यावर दोन पानं खर्च कर. लढाई अर्ध्या पानात उरक.