सीपीयू मोकळा, तरी रांग का?

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. 14 शाखा, मिळून 60 काउंटर, सगळे एकाच सर्व्हरवर. सकाळी 11 ते 12 पिग्मीच्या पावत्या चढवायला घेतल्या की एन्टर मारून सगळे हातावर हात ठेवून बसतात. सर्व्हर चार कोअरचा, म्हणजे एका वेळी चार कामं करू शकणारा; त्या वेळी सीपीयू 80 टक्के. म्हणजे 20 टक्के रिकामाच ना? व्हेंडर म्हणतो आठ कोअरचा घ्या. त्या तासात 14,400 एन्ट्र्या होतात. एक पावती टाइप करायला दहाएक सेकंद लागतात. संचालक मंडळापुढे काय ठेवू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. ‘सिस्टीम स्लो आहे’ एवढ्याच ओळीची पत्रं मी बाजूला ठेवते.

आधी त्या 20 टक्क्यांचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही एका अहवालात ‘अजून 20 टक्के वाव आहे’ असं ठोकून दिलं होतं. महिनाअखेरीला भार जेमतेम 15 टक्क्यांनी वाढला, डिस्क 80 ऐवजी 92 टक्के वेळ कामात राहायला लागली आणि उत्तर यायला अडीचपट वेळ लागायला लागला. साहेबांनी माझाच अहवाल माझ्यासमोर ठेवला. एकाच खिडकीपुढे रांग असेल, तर मूळ कामाच्या वेळेला शिल्लक मोकळिकीने भागायचं, की थांबण्यासकट लागणारा वेळ मिळतो. खिडकी 80 टक्के भरलेली असेल तर मोकळीक 0.2, म्हणजे वेळ मूळ कामाच्या पाचपट; 92 टक्के भरली तर मोकळीक 0.08, म्हणजे साडेबारापट.

आता तुमचं. 14,400 भागिले 3,600, म्हणजे सेकंदाला 4 एन्ट्र्या. 60 काउंटर भागिले 4, म्हणजे एका काउंटरची एक फेरी 15 सेकंदांची. त्यातले 10 टायपिंगचे. उरलेले 5 सेकंद माणूस नुसता स्क्रीनकडे बघतोय. स्टॉपवॉच न लावता निघालं हे! मुळाशी जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला साधा नियम आहे : आत किती जण आहेत = येण्याचा वेग × प्रत्येकाचा मुक्काम. इथे 60 = 4 × 15.

या 5 सेकंदांत सीपीयूचा वाटा किती? चार कोअर 80 टक्के, म्हणजे 3.2 कोअर कामात. भागिले 4 एन्ट्र्या, म्हणजे दर एन्ट्रीमागे 0.8 सेकंद. कोअर मोकळा होईपर्यंतचं थांबणं डेन्मार्कच्या एरलांग यांच्या सूत्राने काढते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी त्यांनी ते 1917 साली मांडलं. एक्सचेंजच्या तारा आणि तुमचे कोअर, गणिताला सारखेच. उत्तर येतं सुमारे 0.6 सेकंद. बेरीज 1.4 सेकंद. सूत्र लोक आपापल्या मर्जीने, आगेमागे येतात असं धरतं. तुमचे 60 काउंटर तर उत्तर येईपर्यंत नवी एन्ट्री टाकतच नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच असणार.

मग बाकीचे साडेतीन सेकंद गेले कुठे?

माझा संशय व्हाऊचर नंबरवर आहे. पुष्कळ पॅकेजांत पुढचा नंबर एकाच टेबलातल्या एकाच ओळीत असतो. एन्ट्री पुरी सेव्ह होईपर्यंत ती ओळ लॉक, मागचे सगळे ताटकळत. समजा प्रत्येक जण ती 0.23 सेकंद अडवतो. चार एन्ट्र्यांचे झाले 0.92, म्हणजे ही खिडकी 92 टक्के भरलेली, आणि वरच्याच सूत्राने इथे जवळजवळ 3 सेकंद गेले. सीपीयूच्या आलेखात हे दिसणार नाही, कारण लॉकसाठी थांबलेली एन्ट्री सीपीयू वापरतच नाही. कोअर आठ करा नाहीतर सोळा, ती ओळ सेकंदाला चाराच्या थोडं वरच माणसं सोडणार.

म्हणून मंडळापुढे कोटेशन नेण्याआधी दोन दिवस 11 ते 12 मध्ये डेटाबेसचे लॉक-वेट, म्हणजे लॉक सुटण्याची वाट बघण्यात गेलेला वेळ, मोजायला लावा. व्हेंडर ‘त्याचा काही संबंध नाही’ म्हणाला तर आकडा लेखी मागा. संशय खरा निघाला तर शाखावार व्हाऊचर मालिका करून घ्या : 14 शाखा, 14 ओळी. माझा अंदाज चुकला आणि लॉक-वेट किरकोळ निघाले, तर डिस्कचे आकडे पाठवा, पुन्हा बसू. आणि मालिका बदलण्याआधी तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा, नाहीतर मार्चमध्ये ते तुम्हाला विचारतील.