बॅटरी बदलली की नोड मुका का होतो?

प्रश्न : आमच्या वायरलेस सेन्सर नेटवर्कमध्ये ४० नोड (सेन्सर असलेली छोटी उपकरणं) आहेत. सगळ्यांत एकच १२८ बिटांची एईएस की (एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली) आहे. बॅटरी बदलली की त्या नोडचे संदेश गेटवे (सगळ्यांचे संदेश घेणारं उपकरण) नाकारतो. गेटवेवरची काउंटर तपासणी बंद करावी का?

उत्तर : अजिबात नको. फ्रेम काउंटर म्हणजे दर संदेशाला वाढणारा क्रमांक. वीज जाताच नोडमधला हा काउंटर शून्यावर येतो. गेटवेला जुना आकडा दिसतो आणि कोणी पूर्वीचा संदेश पकडून पुन्हा पाठवतोय, असं तो धरतो. ते योग्यच आहे. तपासणी बंद केलीत तर असे संदेश खरोखरच आत येतील. शिवाय सीसीएम या एन्क्रिप्शन पद्धतीत त्याच कीबरोबर तोच काउंटर दुसऱ्यांदा वापरला, तर दोन संदेशांची तुलना करून मजकूर उलगडता येतो. की फोडावीही लागत नाही.

काउंटर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपा, पण दर संदेशाला लिहू नका, फ्लॅश झिजते. १००० पुढचा आकडा आधीच नोंदवा, तिथे पोचलात की पुढचा. रीस्टार्टनंतर नोंदवलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. मधले काही आकडे वाया जातील, जाऊ द्या. काउंटर ३२ बिटांचा आहे, आकडे लवकर संपणार नाहीत.

खरी काळजी त्या एकाच कीची. उघड्यावरचा एक नोड चोरीला गेला आणि डीबग पोर्ट (चिपची मेमरी वाचता येणारी जोडणी) चालू असेल, तर चाळीसही गेले. प्रत्येक नोडला वेगळी की द्या, पोर्ट कुलूपबंद करा. संदेश खरा आहे का हे तपासणारा, त्याला जोडलेला पडताळणीचा कोड ४ ऐवजी ८ बाइटचा ठेवा. १२७ बाइटच्या फ्रेममध्ये (रेडिओवरच्या एका संदेशात) तेवढी जागा निघते. रेडिओ जॅमिंगवर (मुद्दाम गोंगाट करून संदेश अडवण्यावर) मात्र एन्क्रिप्शनचा काहीच इलाज नाही.